पाच अभंगांचं मास्टरिंग : टाळ कानात घुसतो, बुवांचा आवाज मागे राहतो

एकतारी

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथलं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. थोडं लांबण लागेल.

आमच्या गावच्या (सातारा जिल्हा) भजनी मंडळाचे पाच अभंग मी रेकॉर्ड केलेत. वडील पखवाजावर आहेत. गाणारे बुवा सत्तरीच्या पुढचे. पुढच्या वर्षी ते असाच आवाज लावू शकतील का, हे त्यांनाही माहीत नाही, म्हणून हे काम मला नीटच करायचंय. आषाढीच्या आधी पाचही गाणी स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक आणि यूट्यूब म्युझिकवर रीतसर यायला हवीत.

रेकॉर्डिंग देवळाच्या सभामंडपात, रात्री नऊनंतर, गावातली वर्दळ थांबल्यावर. चार इनपुटचा इंटरफेस. एक माइक बुवांसमोर, एक पखवाजावर, दोन आठ टाळकऱ्यांवर. सगळे एकदमच वाजवतात, वेगवेगळं वाजवायला त्यांना जमत नाही आणि मीही सांगितलं नाही. सॉफ्टवेअर रीपर.

पहिला अभंग गेल्या महिन्यात सिंगल म्हणून सोडला. घरी हेडफोनवर छान दणदणीत वाटत होता. स्पॉटिफायवर ऐकला तर इतरांच्या गाण्यांपेक्षा लहान वाटतो, टाळ कर्कश झालाय आणि बुवा कुठेतरी मागे उभं राहून गातायत असं वाटतं. मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे) इक्यू म्हणजे पट्ट्या कमी-जास्त करणारं, कॉम्प्रेसर म्हणजे मोठा आवाज दाबणारा, आणि शेवटी लिमिटरचा (ठराविक मर्यादेवर काहीच जाऊ न देणारा) 'लाउड' प्रीसेट आहे. मीटरवर −८.२ लफ्स (कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा), ट्रू पीक (लाटेचं खरं शिखर) +०.९. बुवांचा ट्रॅक ३ डीबी (डेसिबल) वाढवून पाहिला, फरक पडला पण मग सगळंच फाटायला लागलं.

काय चुकतंय?

रीपरकर_पुणे

एकतारी ताई, आकडे दिलेत हे फार बरं केलंत. नव्वद टक्के लोक नुसतं 'आवाज बारीक येतोय' लिहितात.

स्पॉटिफायच्या नॉर्मल सेटिंगला गाणी −१४ लफ्सवर आणली जातात. तुमचं −८.२ म्हणजे ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये ते ५.८ डीबी खाली ओढलं जातंय. इतकं दाबून मिळवलेली पातळी तिथे काढून घेतली जाते, आणि दाबल्याचं नुकसान तेवढं शिल्लक राहतं. शेजारच्या गाण्यात पखवाजाची थाप सरासरीपेक्षा १२-१३ डीबी उंच उसळी घेते, तुमच्यात ती जेमतेम ८-९ डीबी घेत असणार. म्हणून 'लहान' वाटतं.

ट्रू पीक +०.९ हे वेगळं दुखणं. तुमच्या लिमिटरची मर्यादा शून्यावर असेल, पण तो फक्त सॅम्पल, म्हणजे लाटेचे मोजून साठवलेले ठिपके बघतो. दोन सॅम्पलच्या मधली लाट त्याच्याही वर जाते. त्यात स्पॉटिफाय फाइल ऑग व्होर्बिसमध्ये, यूट्यूब आणि ॲपल एएसीत बदलतात, आणि त्या बदलात शिखरं आणखी थोडी वर सरकतात. म्हणून मर्यादा −१ डीबी ट्रू पीकला ठेवायची. −१४ पेक्षा मोठं मास्टर देणार असाल तर स्पॉटिफाय स्वतःच −२ ठेवा म्हणतं.

आता मला एकच सांगा : लिमिटर किती डीबी दाबतोय? आणि टाळाच्या प्रत्येक ठोक्याला बुवांचा आवाज क्षणभर खाली बसतो का? डोळे मिटून ऐका.

दुबईकर

वाचतोय. गाडीत ऐकून बघितलं का? मला स्वतःच्या गाण्यांचे दोष कळतात ते ऑफिसला जातानाच.

एकतारी

रीपरकर, लिमिटर ७ डीबीपर्यंत दाबतोय. आणि हो, बसतो. तुम्ही सांगेपर्यंत लक्षातच आलं नव्हतं, आता दुसरं काही ऐकूच येत नाही. 'विठ्ठल' म्हणताना 'ठ्ठ'वर टाळ पडतो आणि पुढचा 'ल' गिळला जातो.

स्पूलवाला

बाळ, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी १९८४ पासून मुंबईच्या स्टुडिओंत काम केलं. भक्तिगीतांच्या कॅसेटी किती केल्या त्याचा हिशोब नाही. तेव्हापासून सांगतो, सगळ्यात अवघड वाद्य टाळ. पखवाज नाही, सनई नाही, टाळच.

जुन्या कॅसेटमधले टाळ गोड का वाटतात, माहीत आहे? टेप वरच्या पट्टीत लवकर भरते. जोरात टाळ आला की टेपच त्याची धार बोथट करायची. आम्ही काही न करता अर्धं काम व्हायचं. डिजिटलमध्ये ती माया नाही, जसं येतं तसं कोरलं जातं. त्यामुळे जे टेप करायची ते आता तुला हाताने करावं लागेल.

आम्ही आणखी दोन गोष्टी करायचो. टाळकऱ्यांना हॉलच्या पार टोकाला, मुख्य माइकच्या पाठीकडे बसवायचो. आणि टाळाच्या आतल्या बाजूला कापडी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावायचो, म्हणजे नाद लांबत नाही, ठोका मात्र तसाच राहतो. तुझं रेकॉर्डिंग झालंय, पण पुढच्या वेळी हे कर.

आता मूळ मुद्दा. बुवांना वर आणू नकोस. टाळ खाली घे.

रीपरकर_पुणे

स्पूलवाला काकांनी जे शेवटी लिहिलंय त्यामागे मोजमापाचंही कारण आहे, आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

लफ्स म्हणजे नुसती विजेची पातळी नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या (आयटीयू) बीएस.१७७० या मानकात (२००६ सालचं, पुढे युरोपच्या प्रसारणकर्त्यांनी २०१० मध्ये त्यावर आर १२८ हे आपलं मानक बेतलं) मोजण्याआधी आवाज एका गाळणीतून जातो. ती गाळणी खालचा खर्ज कापते आणि साधारण २ किलोहर्ट्झच्या वरचा भाग जवळपास ४ डीबीने वाढवते, कारण आपला कान तिथे जास्त तिखट असतो. आता आठ टाळांची सगळी ताकद कुठे आहे? तिथेच, त्या वाढवलेल्या पट्ट्यात.

म्हणजे तुमच्या गाण्याचा लफ्स आकडा बऱ्याच अंशी टाळ ठरवतोय. टाळामुळे आकडा फुगतो, फुगलेला आकडा बघून स्पॉटिफाय अख्खं गाणं खाली ओढतं, आणि त्यात बुवा ओढले जातात. तुम्ही बुवांना ३ डीबी वाढवलंत तरी लिमिटरचं तोंड टाळाकडेच होतं. याउलट टाळ ३ डीबी उतरवा : लिमिटर मोकळा होतो, आकडा खाली येतो, आणि बुवा काहीही न करता पुढे येतात.

करायचं कसं :

मास्टरवरचं सगळं बंद करा. अगदी सगळं. मग टाळाच्या दोन ट्रॅकवर रीपरचाच रिॲएक्सकॉम्प (निवडलेला पट्टाच दाबणारा कॉम्प्रेसर) टाका, ५ ते ९ किलोहर्ट्झचा एकच पट्टा ठेवा, ठोका आला की ४-५ डीबी दाबेल इतका. ॲटॅक (दाबायला लागणारा वेळ) अगदी कमी, ३ मिलिसेकंदांच्या आत, नाहीतर ठोक्याची टोकदार कडा निसटून जाते. रिलीज (सोडायला लागणारा वेळ) ६०-७० मिलिसेकंदांच्या आसपास. सरळ इक्यूने तो पट्टा कायमचा कापू नका, नाहीतर टाळ पत्र्यासारखे वाजतील. ठोक्यापुरतंच दाबायचं.

आणि एक. टाळ बुवांच्या माइकातही भरपूर शिरले असणार. तिथेही तसंच, पण नाजूक हाताने, २ डीबीच्या वर नाही. बुवांच्या आवाजातला 'स' आणि 'च' त्याच पट्ट्यात राहतो.

घुमट_फोंडा

हांव गोंयचो, पण मराठीतच लिहितो, आमच्याकडे चतुर्थीच्या आरत्या मराठीतच असतात. घुमट-शामेळ-कांसाळें घेऊन आरत्यांचा एक संच काढला होता, तेव्हा हेच भोगलंय. कांसाळें म्हणजे तुमच्या टाळांची मोठी बहीण समजा.

मला यात एक भर घालायची आहे : चार माइक एकाच मंडपात होते ना? मग एकाच बुवांचा आवाज चार जागी चार वेळांना पोहोचलाय. पखवाजाचा माइक बुवांपासून ३ मीटरवर असेल तर तिथे आवाज जवळजवळ ९ मिलिसेकंद उशिरा जातो. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजले की काही सूर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो. आम्ही सुरुवातीला माइकांसमोर एक टाळी वाजवून घेतो, मग त्या टाळीच्या खुणेवर ट्रॅक सरकवून बघतो. नेहमी फायदा होतोच असं नाही. कधी कधी ती उशीरच मंडपाचा गोडवा देते. दोन्ही ऐकून ठरवायचं.

एकतारी

टाळीची कल्पना आधी कळायला हवी होती. पण अभंग सुरू व्हायच्या आधी वडिलांनी पखवाजावर एक थाप मारलेली आहे प्रत्येक वेळी, तीच खूण धरली. पखवाजाचा ट्रॅक सरकवल्यावर बुवांच्या आवाजाला छाती आली. टाळाचे ट्रॅक सरकवले नाहीत, तिथे मंडप जास्त छान वाटला.

टाळ दाबल्यावर जे झालं ते सांगायला शब्द नाहीत. 'ल' परत आला.

आता नवं कोडं. पहिल्या आणि चौथ्या अभंगात पखवाजाचा खर्ज वेगळा वाटतो. तोच पखवाज, तीच रात्र, माइक हललेला नाही. मला वाटलं खोलीचा दोष असेल, कारण मी मिक्स करते ती खोली १० बाय १२ ची आहे.

स्पूलवाला

वडिलांना विचार, पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक पुन्हा कधी लावली होती.

एकतारी

काका!!! विचारलं. संध्याकाळी लावली होती, मध्ये फक्त पाण्याचा हात फिरवला. चौथ्या अभंगापर्यंत ती सुकली होती आणि एक कड सुटली होती, असं ते म्हणाले. म्हणजे पुडीवरचं वजन कमी झालं आणि सूर चढला. मी तीन दिवस इक्यूशी झटत होते.

रीपरकर_पुणे

चौथ्याला बोथट इक्यूने मारून मुटकून पहिल्यासारखं करू नका. दोन गाणी लागोपाठ येत नाहीत ना? मग सुकत गेलेली कणीक राहू दे. फक्त खर्जाचा डोंगर जिथे आहे तिथे १-२ डीबी कमी-जास्त करून दोन्हीचं वजन सारखं वाटेल एवढं बघा.

पण खोलीचं तुम्ही म्हणालात तेही खरंच आहे. १० फुटांच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास आणि १२ फुटांच्या भिंतींमध्ये ४७ च्या आसपास लाट अडकते. त्या जागी तुमची खोली खोटं बोलते : एका कोपऱ्यात खर्ज दुप्पट, खोलीच्या मधोमध नाहीसा. खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवू नका, लांबीच्या साधारण एक-तृतीयांशावर ठेवा. मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, कोपऱ्यांत गुंडाळलेल्या गाद्या. पैसे नसतील तर हेच करा, आणि खर्जाचा निर्णय हेडफोनवर पडताळून घ्या.

काळाकोट

तांत्रिक बाजू वरचे लोक सांगतायत, मी दुसऱ्या बाजूने एक प्रश्न विचारतो. अभंग तुकोबांचे. शब्दांवर कोणाचाच हक्क नाही, तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं होत आली. पण चाली कोणाच्या?

हे विचारतोय कारण भजनी मंडळांत हमखास घोळ इथे होतो. रेडिओवर, कॅसेटवर गाजलेली एखादी चाल दोन पिढ्या गावात गायली जाते आणि मग ती 'पारंपरिक' समजली जाते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. २०११ साली गेलेल्या संगीतकाराची चाल २०७१ संपेपर्यंत मोकळी होत नाही. शब्द सतराव्या शतकातले असले तरी फरक पडत नाही.

एकतारी

तीन चाली मंडळाच्याच आहेत, आजोबांच्या आधीपासूनच्या. एक बुवांनी स्वतः भैरवीत बांधलीय. पाचवी... वडिलांना विचारल्यावर ते म्हणाले, 'ती आकाशवाणीवरची.'

काळाकोट

मग तिथे थांबा. मार्ग आहेत. चालीचा हक्क ज्यांच्याकडे आहे त्यांची लेखी परवानगी घेता येते. कायद्याच्या कलम ३१-सी मध्ये कव्हर रेकॉर्डिंगसाठी परवान्याची तरतूदही आहे : मूळ ध्वनिमुद्रण झालं त्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली हवीत, हक्कदाराला आगाऊ नोटीस आणि आगाऊ रॉयल्टी द्यावी लागते, आणि ती रॉयल्टी किमान ५०,००० प्रतींच्या हिशोबाने धरली जाते. घरगुती मंडळासाठी हे ओझंच आहे. आषाढी तोंडावर असताना तर मी यात पडायला सांगणार नाही.

बुवांनी बांधलेल्या भैरवीच्या चालीबद्दल मात्र आवर्जून सांगतो. त्या चालीचे संगीतकार बुवा आहेत. गाणं अपलोड करताना संगीतकाराच्या रकान्यात त्यांचं नाव घाला, 'पारंपरिक' लिहू नका. आयपीआरएस (१९६९ पासूनची संस्था, गीतकार-संगीतकारांची) मध्ये सदस्य होऊन ती रचना नोंदवता येते. उद्या कुठे वाजली तर पैसे त्यांच्या नावावर जमा व्हायला हवेत. हे त्यांच्या हयातीत करा.

एकतारी

हे मला सुचलंच नव्हतं. सगळीकडे 'पारंपरिक' लिहून ठेवलं होतं. बुवांना सांगितलं तर ते म्हणाले, चाल पांडुरंगाची, माझी कसली. वडिलांनी समजावलं. आज त्यांनी फॉर्मवर सही केली.

पाचवा अभंग काढतेय. त्याच रात्री शेवटी रंगात येऊन केलेला 'ज्ञानोबा माउली तुकाराम' गजर रेकॉर्ड झालेला आहे, तो घेते. वारीत शतकानुशतकं चाललेला आहे, चालही मंडळाची. खरं तर तोच सगळ्यात जिवंत झालाय.

आता यूट्यूबचं. सिंगलवर कॉपीराइटचा दावा आला होता. मी मागे तानपुऱ्याचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तयार तुकडा) लावला होता, त्यामुळे असेल का? एका साउंड लायब्ररीतून घेतला होता, पैसे भरून.

टाळचिपळी

असेलच. मीही एकदा अडकले होते. तोच लूप आणखी शंभर जणांनी वापरलेला असतो, त्यातल्या एकाने आपलं गाणं कंटेंट आयडीत (यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा) नोंदवलं की यंत्र बाकी सगळ्यांच्या गाण्यात तो लूप ओळखतं आणि दावा ठोकतं. पावती दाखवून दावा सुटतो, पण तुम्ही स्वतःही ते गाणं कंटेंट आयडीत नोंदवू नका. त्या लूपवर तुमची एकट्याची मालकी नाही, मग दुसऱ्या कोणाला तरी तोच त्रास तुमच्यामुळे होईल.

सरळ मंडळाची वीणा रेकॉर्ड करा ना. देवळात टांगलेली असेलच.

एकतारी

आहे! उद्याच करते.

दुबईकर

पाचही गाण्यांचा लफ्स एकच ठेवायचा का? मी माझ्या अल्बममध्ये सगळी −१४ ला आणली होती आणि शांत गाणं वेडंवाकडं मोठं झालं.

रीपरकर_पुणे

नाही. अजिबात नाही. हे खूप जणांकडून होतं.

−१४ हा लक्ष्य-आकडा नाहीच, ती सेवेने लावलेली सरासरी आहे. स्पॉटिफायवर अल्बम क्रमाने ऐकला तर सगळ्या गाण्यांना एकच वाढ किंवा घट लागते, त्यामुळे तुम्ही ठेवलेला उतार-चढाव टिकतो. प्लेलिस्टमध्ये किंवा शफलमध्ये मात्र प्रत्येक गाणं सुटं मोजलं जातं. ॲपलचं साउंड चेक −१६ च्या आसपास आणतं. यूट्यूब मोठं गाणं खाली आणतं, लहान गाणं वर उचलत नाही.

तर गजर मोठा, वीणेवरचा अभंग लहान. आधी कानाने लावा : गजर ऐकून झाल्यावर शांत अभंग सुरू झाला तर हात आवाजाच्या बटणाकडे जायला नको, आणि 'आता बुवा जवळ आले' असं वाटायला हवं. ते जुळल्यावर मग मीटर बघा. समजा शांत अभंग −१७ ला बसला. प्लेलिस्टमध्ये स्पॉटिफाय त्याला ३ डीबी उचलू पाहील, पण वर १ डीबी जागा राखूनच. म्हणजे त्याचा पीक −४ च्या खाली असेल तरच पूर्ण ३ मिळतील. तिथे लिमिटर एखाद-दुसऱ्या थापेपुरता वापरला तर चालतो.

आणखी एक दिलाशाची गोष्ट. संथ सुरुवातीमुळे गाण्याचा आकडा घसरेल अशी भीती बाळगू नका. मोजमापात एक झडप असते : सरासरीच्या १० डीबीहून खाली गेलेला भाग हिशोबातून वगळला जातो. बुवांना 'रामकृष्णहरी' म्हणत सावकाश सूर लावू द्या. तो भाग कापू नका, वाढवूही नका.

घुमट_फोंडा

मोनो (डावं-उजवं एकत्र) करून बघायला विसरू नका. आमच्या संचात मी कोरसवर स्टिरिओ रुंद करणारं प्लगिन टाकलं होतं. स्टिरिओत स्वर्ग. फोनच्या एका स्पीकरवर अख्खा कोरस गायब. लोक फोनवरच ऐकतात.

एकतारी

फोनपेक्षा मोठी परीक्षा गावात आहे. देवळाचा कर्णा.

पहाटे काकड्याच्या वेळी हे अभंग तिथे लागणार, हे नक्की आहे. कर्णा म्हणजे मोनोच. आज पुजाऱ्यांच्या परवानगीने नवं मिक्स पेन ड्राइव्हवर नेऊन दहा मिनिटं लावलं. मी खाली ओढ्यापाशी उभी राहून ऐकलं.

बुवा स्वच्छ. टाळ सौम्य. पखवाज मात्र नाहीच! फक्त उजव्या पुडीची टणटण. डाव्या बाजूची सगळी गाज गेली. वडील म्हणाले, मी वाजवत होतो की नाही?

स्पूलवाला

कर्णा त्या खर्जाला उतरूच शकत नाही, कितीही वाढवलास तरी. वाढवलास तर लिमिटर मात्र पुन्हा दमेल. त्या खर्जाची छाया वरच्या पट्टीत उमटवावी लागते. पखवाजाच्या ट्रॅकची एक प्रत काढ, त्यावर टेपसारखं थोडं सॅच्युरेशन दे, मग १५० हर्ट्झच्या खालचं आणि ५०० हर्ट्झच्या वरचं कापून टाक. उरलेलं मूळ ट्रॅकखाली इतकं हळू मिसळ की बंद केल्यावर कळावं, चालू असताना कळू नये. मूळ सूर नसला तरी त्याच्या वरचे स्वर ऐकू आले की कान खालचा सूर स्वतः भरून काढतो. आम्ही ट्रान्झिस्टरसाठी हेच करायचो.

एकतारी

केलं. परत ओढ्यापाशी. घुमतोय!

टाळचिपळी

+१. हा धागा साठवून ठेवलाय.

आता शेवटची कागदपत्रं : अपलोड किमान तीन-चार आठवडे आधी करा. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं असेल तर ते प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी त्यांच्याकडे पोहोचलेलं हवं. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. फाइल २४ बिट वेव्ह. पेन ड्राइव्हसाठी एमपीथ्री काढाल तेव्हा ती फाइलही मीटरवर तपासा.

आणि आयएसआरसी. बारा अक्षरी क्रमांक असतो, प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा आपला. भारतात आयएमआयकडून (इंडियन म्युझिक इंडस्ट्री, ध्वनिमुद्रण कंपन्यांची संस्था) नोंदणी करून स्वतःचा घेता येतो, नाहीतर वितरक (आपली गाणी या सेवांवर पोहोचवणारी कंपनी) देतो. वहीत लिहून ठेवा. मी एकदा वितरक बदलला तेव्हा जुने क्रमांक दिले नाहीत, नव्यांनी आपोआप नवे लावले, आणि दोन वर्षांचे प्ले शून्यावर आले. त्यांच्या मदतकेंद्राला सहा मेल केल्या, उपयोग झाला नाही.

एकतारी

मग माझा शेवटचा प्रश्न. सिंगल म्हणून सोडलेला पहिला अभंग आता नव्याने मिक्स झालाय. जुनाच आयएसआरसी लावला तर ३,१०० प्ले टिकतील ना?

टाळचिपळी

टिकतीलही, पण तसं करू नका. नुसती पातळी बदलली असती तर जुना क्रमांक चालला असता. तुम्ही ट्रॅक सरकवलेत, लूप काढून वीणा घातलीत, मिक्सच नवं केलंत. नियमाने ते नवं ध्वनिमुद्रण आहे, त्याला नवा क्रमांक.

रीपरकर_पुणे

सहमत. शिवाय जुन्या क्रमांकाला तो कॉपीराइट दावाही चिकटलेला आहे.

एकतारी

बरोबर आहे. नवा क्रमांक घेतला.

अंतिम आकडे, ज्यांनी मदत केली त्यांच्यासाठी : गजर −१२.४, तीन अभंग −१३.५ ते −१४.३, वीणेवरचा अभंग −१७.१. ट्रू पीक गजराला −२, बाकी सगळीकडे −१ च्या आत. लिमिटर गजरात २ डीबी, वीणेच्या अभंगात दोनच थापांवर जागा होतो.

काल रात्री मंडळाला बसवून ऐकवलं, मंडपातच, माझ्या दोन छोट्या स्पीकरवर. भैरवीच्या चालीत दुसऱ्या कडव्याआधी बुवा मोठा श्वास घेतात. मी तो अर्धा कापला होता, खूप ऐकू येतो म्हणून. बुवांनी तिथेच हात वर केला. म्हणाले, 'पोरी, इथं मी दम घेतलेला, तो कुठं गेला?'

परत घातला. नव्या फाइली आज दुपारी पाठवल्या. जुनं सिंगल सोमवारी उतरवतेय.